न सांडलेला चहा

फोरबायला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता वस्तीत एकही उरलेलं नाही. बायको ‘अहो’ म्हणते, मेव्हणा ‘भाऊजी’ म्हणतो आणि बाकी सगळं जग फोरबाय म्हणतं. गाडीच्या पाठीवर मोठ्या आकड्यांत ‘४×४’, म्हणजे फोर बाय फोर, लिहिलेलं, त्यावरून कुणीतरी चेष्टेत ठेवलेलं हे नाव. त्याने ते पदवीसारखं घेतलं, आणि नवी पदवी मिळालेला माणूस जसा थोडा फुगतो तसा तोही फुगला. पुढे जे झालं त्याचं मूळ या फुगण्यातच होतं, असं माझं मत आहे. पण मत सांगायला आपल्याला काय जातं?

गाडी म्हणजे मधल्या मापाचा पिकअप. पुढे दोन रांगांची केबिन, मागे उघडा हौदा. आता मधल्या मापात एवढं काय ठेवलंय, असं ज्याला वाटतं त्याने एकदा वरच्या वस्तीच्या रस्त्याला यावं. बाजारापासून पुलापर्यंत डांबर आहे. पूल ओलांडला की जे सुरू होतं त्याला सरकारी नकाशात रस्ता म्हणतात. आधी चिखलाचा चढ, मग ओढ्यातले गोटे, मग पायऱ्यापायऱ्यांचा कातळ आणि सगळ्यात वर चिमटा. चिमटा म्हणजे समोरासमोर उभे असलेले दोन दगड, एकेक घराएवढा, आणि त्यांच्या मधून जाणारी वाट. मोठा ट्रक तिथे मावत नाही. छोटी मोटार मावते, पण दगडांच्या पायथ्याशी कातळाचा एक उंबरा आहे, त्यावर तिचं पोट टेकतं आणि मग ती उलट्या कासवासारखी नुसते पाय हलवते. पिकअप तेवढा जातो. दोन्ही अंगांना बोटभर अंतर ठेवून, आरसे मिटून, अलगद जातो. चिमट्याच्या पलीकडे वळण घेतलं की समोर वस्ती, आणि वस्तीतलं पहिलं घर फोरबायचं.

तरुणपणी तो लाकडाच्या वखारीत मोठा ट्रक चालवायचा. तिथे एकदा जमीन मोजणारे लोक असला पिकअप घेऊन आले आणि जिथे वखारीतला ट्रॅक्टर मान टाकून बसला होता त्या चढावरून गप्पा मारत निघून गेले. त्या दिवसापासून याच्या डोक्यात तो पिकअप शिरला तो शिरलाच. बरीच वर्षं जोडाजोड करून त्याने जुना, दुसऱ्याच्या हातचा, एका दारावर पोचा आलेला पिकअप घरी आणला. बायको दारात उभी राहून म्हणाली, “आली का सवत? या, आत या. पण चिखलाचे पाय बाहेर पुसा.”

ती थट्टा होती, पण अगदीच थट्टा नव्हती. तो पहाटे उठून आधी गाडीपाशी जायचा. तिचे स्प्रिंगचे पाटे, तिचे टायर, तिच्या पोटाखालचं काय काय, सगळं हात लावून बघायचा. आणि ती चालवताना तर त्याचा चेहराच बदलायचा. गाडी हलक्या गियरात टाकायची, पाय सगळ्या पेडलांवरून काढून घ्यायचा आणि तिला तिच्या पावलांनी उतारावरून उतरू द्यायचं. एक चाक हवेत लटकतंय, उरलेली तीन कातळाला चिकटून आहेत, आणि केबिनमधला चहाचा थर्मास जागचा हललेला नाही. हे सुख त्याला दुसऱ्या कशातच मिळालं नाही. लग्नात, पोरगी झाली तेव्हा, ती शिकून दूर नोकरीला लागली तेव्हासुद्धा तो एवढा खुलला नव्हता. बायकोला हे ठाऊक होतं. तिने ते मनाला लावून घेतलं नाही, निदान बोलून तरी कधी दाखवलं नाही.

वस्तीला त्याचा उपयोग होता, हे कुणीही नाकारणार नाही. सिमेंट, औषधं, गॅसच्या टाक्या, शाळेची बाकं, अडलेली बाई, परीक्षेचं पोर, सगळं त्याच्या गाडीतून गेलं-आलं. भाडं तो वाजवी घ्यायचा आणि नसलं तर मागायचाही नाही. त्याला हवं होतं ते वेगळंच. चिमट्याच्या अलीकडे पोचलं की गाडीतली माणसं बोलायची थांबत. अंग चोरून बसत. गाडी पार झाली की सगळ्यांच्या तोंडून एकदम श्वास सुटे आणि कुणीतरी म्हणे, “फोरबाय, तुझा हात म्हणजे हात आहे बुवा!” त्या एका वाक्यावर त्याचा दिवस जायचा.

मग शहरातले हौशी लोक यायला लागले. सुट्टीच्या दिवशी, रांगेने, महागड्या पिकअपमधून. छतावर फावडी, बाजूला दोर, रुतली तर ओढून काढायला पुढे दोराचं चाक, आणि सगळं अजून दुकानातल्या कागदाच्या वासाचं. एरवी त्या गाड्यांचं सगळ्यात अवघड काम म्हणजे ऑफिसच्या तळघरात उतरणं. ज्या चिखलात वस्तीतल्या बायांच्या चपला रुतून बसायच्या, त्याच चिखलात उड्या मारायला ही मंडळी एवढं डिझेल जाळत यायची. प्रत्येक खड्ड्याला आरोळी, प्रत्येक धक्क्याला टाळी. त्यांचा म्होरक्या एक उंच, हसरा गृहस्थ होता, कायम टोपी घालणारा. वस्तीने त्याला टोपीवाला करून टाकलं. माणूस वाईट नव्हता. पोरांना चॉकलेटं द्यायचा, म्हाताऱ्यांना नमस्कार करायचा आणि रस्त्यावर जीव ओवाळून टाकायचा.

“असा रस्ता कुठे मिळत नाही हो,” तो म्हणायचा. “आणि असा ड्रायव्हर तर नाहीच. आमच्यातल्या एकालाही चिमट्यातून गाडी न घासता काढता येत नाही. तुम्ही कशी काढता?”

फोरबाय वाट दाखवायला त्यांच्या पुढे राहायचा. टोपीवाला त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचा आणि हा तिथे मांडी घालून बसायचा.

वस्तीला मात्र डांबर हवं होतं. बस हवी होती. वस्तीतल्या शिंपीणबाईंचे गुडघे गेले होते, पोरांना वस्तीतली शाळा संपली की बाजारात खोली करून राहावं लागत होतं, आणि एका माणसाच्या एका गाडीवर किती दिवस काढायचे? अर्ज झाले, खेटे झाले आणि शेवटी निरोप आला की रस्तेवाले इंजिनियर साहेब स्वतः रस्ता बघायला येणार आहेत. एकच रस्ता मंजूर व्हायचा होता, या बाजूचा किंवा डोंगरापलीकडच्या खोऱ्यातला. साहेबांना खालून आणायचं ते अर्थात फोरबायने. शाळेच्या खोलीत सगळे जमले तेव्हा म्हातारे पोस्टमनकाका म्हणाले, “हे बघ फोरबाय, तू फार काही बोलू नकोस. रस्ताच बोलेल. साहेबांच्या पोटातलं पाणी हललं की त्यांचं पेन आपोआप हलेल.”

सगळे हसले. फोरबायही हसला. बायको मागच्या बाकावर होती, ती तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

आदल्या संध्याकाळी त्याने गाडी धुतली. टायरमधली थोडी हवा सोडली. मग ओढ्याकाठची वाळू आणून पोत्यांत भरायला बसला. रिकाम्या हौद्याचा पिकअप मागून उड्या मारतो. हौद्यात वजन असलं की पाटे दबतात आणि गाडी मऊ चालते. लांबचा पाहुणा न्यायचा असला की तो हे करायचाच. बायको पोत्याची तोंडं धरायला बसली.

“एवढी वाळू कशाला हो?”

“गाडीला वजन लागतं.”

गाडीतलं तिला काही कळत नव्हतं. तिने पोती धरली, पदर झटकला आणि कोंबड्या झाकायला गेली. त्याच्या मनात तेव्हा काही काळंबेरं होतं का? मला तसं वाटत नाही. घरी पाहुणा येणार म्हटल्यावर आपण जशी चादर बदलतो तशी त्याने वाळू भरली. कुणासाठी आणि कशासाठी भरतोय, हा विचार त्याच्या डोक्यात आलाच नाही. गाडीपुढे त्याच्या डोक्यात बरंच काही येत नसे.

साहेब आले ते टोपीवाल्याला बरोबर घेऊन. दोघं जुने मित्र निघाले. साहेब बारीक अंगाचे, जरा भित्रे, पुढे बसले आणि बसल्याबरोबर वरची कडी धरली. टोपीवाला मागच्या सीटवर ऐसपैस. पूल ओलांडला आणि फोरबायला पोस्टमनकाकांचे शब्द आठवले. खरंच आठवले. पहिल्याच वळणावर त्याने एक खड्डा मुद्दाम चुकवला नाही. गाडी दणकन आदळली, साहेबांचं डोकं काचेला लागलं.

मागून टोपीवाला हसत म्हणाला, “काय फोरबाय, आज हात जड पडतोय का? की वय झालं?”

बस्स. एवढंच झालं. एका वस्तीचा रस्ता एवढ्या एका वाक्यात वाहून गेला. फोरबायच्या कानशिलात गरम झालं. त्याने गियर बदलला, पाठ सरळ केली आणि पुढे जी गाडी चालवली तशी आयुष्यात चालवली नव्हती. चिखलातून पिकअप लोण्यातून सुरी जावी तसा गेला. ओढ्यातल्या प्रत्येक गोट्यावर त्याने एकेक चाक विचारून ठेवलं. साहेबांनी कडी सोडली. कातळाच्या पायऱ्यांवर ते मागे रेलून बसले. चिमट्याच्या अलीकडे टोपीवाल्याने थर्मासमधून कपात चहा ओतून त्यांच्या हातात दिला, काठोकाठ, आणि म्हणाला, “आता गंमत बघा.” फोरबायने आरसे मिटले. गाडी उंबऱ्यावर चढली, एका अंगाला कलली, बोटभर अंतराने दगडांमधून सरकली आणि पलीकडे उतरली. चहा हलला, पण सांडला नाही.

“कमाल आहे!” साहेब म्हणाले. खाली उतरून त्यांनी दगडांना हात लावला. “रुंदीकरण करायचं तर हे दोन्ही उडवावे लागतील. सुरुंग, महिनोन्महिने काम. तुमची नक्की अडचण काय आहे? मला तर काही जाणवलं नाही.”

टोपीवाला म्हणाला, “हे दगड उडवणं म्हणजे पाप आहे, पाप.”

आता बोलायची वेळ होती. शिंपीणबाईंचे गुडघे, पोरांच्या खोल्या, पावसात अडकलेली पेशंटं, सगळं त्याला पाठ होतं. त्याने तोंड उघडलं आणि त्यातून निघालं ते असं: “दगड कशाला उडवताय साहेब? गाडी जाते की. मी आहे तोवर वस्तीचं काही अडत नाही.”

नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणतात. इथे उलटी गत झाली. याला नाचता येत होतं, म्हणून वाकडं अंगण साहेबांना सरळ दिसलं.

वस्तीतले लोक घोळक्याने उभे होते. साहेब ताज्या फुलासारखे उतरले, सगळ्यांना हात जोडले, आल्या वाटेने परत गेले. “काय म्हणाले?” असं सगळ्यांनी विचारलं तेव्हा फोरबाय म्हणाला, “बघतो म्हणाले.” पुढे रस्ता पलीकडच्या खोऱ्याला गेला. वस्तीने साहेबांना शिव्या घातल्या. दगडाच्या काळजाचा, पैसे खाल्ले असतील, एसीत बसणाऱ्याला काय कळणार. चहाच्या टपरीवर फोरबायनेही दोन शिव्या घातल्या. न घालाव्यात तर लोकांना संशय यायचा. घरी बायको म्हणाली, “जाऊ द्या. तुम्ही आपलं सांगायचं काम केलंत ना?” तो हात धुवायला उठून गेला.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं म्हणतात. पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर बायको खुराड्याच्या शिडीवरून पाठीवर पडली. हलता येईना. त्याने तिला गादीसकट हौद्यात ठेवलं, शेजारणीला तिच्याजवळ बसवलं आणि गाडी काढली. वाळू भरायला वेळ नव्हता. टायर कडक होते. वाळूविना हौदा उडत होता आणि हात घाबरलेला होता. चिमट्यापासून पुलापर्यंत ती ओरडत होती. पूल ओलांडल्यावर ओरडायची थांबली, ते जास्त वाईट होतं.

डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला. “पडल्यावर यांना कशातून आणलंत?”

“पिकअपमधून.”

“कुठल्या रस्त्याने?”

“वरच्या वस्तीच्या.”

डॉक्टरांनी फोटो पाकिटात घातला आणि हात धुतले.

ऑपरेशन झालं. पाठीत सळ्या आणि स्क्रू बसले. ती काठी धरून चालायला लागली, खुर्चीत थोडा वेळ बसायला लागली. पण धक्का म्हणून नको, असं डॉक्टरांनी बजावलं. एक दणका बसला, स्क्रू हलला, तर कायमचं अंथरूण. डांबरावरून कुठेही न्या, त्या रस्त्यावरून नको. चार माणसांनी खांद्यावरून न्यायचं म्हटलं तर ओढ्यातल्या शेवाळावर एकाचा पाय घसरला की संपलं. आणि बायकोनेच हात जोडले. “मेल्यावर न्यालच खांद्यावरून. जिवंतपणी नको तो मान.”

तेव्हापासून ती बाजारात भावाच्या घरी राहते. भावाचं सायकलचं दुकान आहे, त्याच्या मागची खोली तिला दिली आहे. एका भिंतीला टायर टांगलेले, दुसऱ्या भिंतीला सुट्या भागांची खोकी, मध्ये खाट. खिडकी आहे, पण तिच्यासमोर शेजारच्या इमारतीची भिंत, तीही इतकी जवळ की हात बाहेर काढला तर भिंतीला लागावा. रबराचा वास कपड्यांत बसतो. भावजय मनाने बरी होती. पण चार दिवसांची पाहुणी गोड असते, पुढे घरातल्या भांड्यांचे आवाज वाढतात. चहाचा कप ठेवताना तो जरा जोरात टेकतो. ते आवाज खाटेवरच्या माणसाला नीट ऐकू येतात.

फोरबाय रोज खाली यायचा. ती विचारायची, तांबडी कोंबडी अंडी देते का, ओट्यावरची फरशी हलत होती ती बसवली का, मागच्या दाराची कडी नीट लावता ना. एकदा म्हणाली, “मला दुसरं काही नको हो. माझ्या ओट्यावर बसून माझ्या हातचा चहा प्यायचाय. इथला चहा मागावा लागतो.”

आणि मग, रोजच्यासारखंच, “त्या साहेबाला देव बघून घेईल. त्याच्या बायकोची पाठ अशी मोडली असती म्हणजे कळलं असतं.”

फोरबाय खाली बघत काठीचं रबर घट्ट करत बसायचा. ते आधीच घट्ट असायचं.

तो रस्त्यांच्या कचेरीत गेला. साहेबांनी त्याला लगेच ओळखलं, खुर्ची दिली. “अहो, तुमची ती सफर मी अजून सगळ्यांना सांगतो!” फोरबाय म्हणाला, “साहेब, आम्हाला रस्ता हवाय.” साहेबांना आधी ती थट्टा वाटली. मग त्याचा चेहरा बघून ते जरा चुळबुळले. “आता कसं शक्य आहे? यंत्रं, माणसं, सगळं पलीकडे गेलं. आणि तुम्हीच तर म्हणालात, काही अडत नाही.” बैल गेल्यावर झोपा करायला आलेल्या माणसाला यापेक्षा वेगळं कुणी काय सांगणार? साहेब दारापर्यंत पोचवायला आले. तेही वाईट माणूस नव्हते. या गोष्टीत वाईट माणूस शोधायला गेलं तर एकच सापडतो, आणि तो सगळ्यांना मदत करणारा होता.

उरला हात. आपला हात. साहेबांना जमलं होतं ते बायकोला का जमू नये? या विचाराने त्याला पछाडलं. वाळूची पोती भरली, या वेळी एकट्याने. मागच्या सीटवर गाद्यांवर गाद्या रचल्या, त्यावर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवलं आणि पुलापासून वस्तीपर्यंत वर-खाली फेऱ्या मारायला लागला. सुरुवातीला पाणी ओढ्यात सांडायचं, मग कातळावर सांडायचं, मग नुसतं काठाला लागायचं. एका दुपारी तो घरी पोचला आणि गादी कोरडी होती. तो अंगणातच बसून राहिला. कोंबड्या त्याच्या पायांतून फिरत होत्या.

डॉक्टर म्हणाले, “मी हो म्हणणार नाही.” पण त्याचा अर्थ काय घ्यायचा तो त्याने घेतला. बायकोला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ त्याच्या हातांकडे बघत होती.

“नेऊ शकाल?”

“नेतो.”

“मग चला. तुमच्या हातावर माझा विश्वास आहे.”

ती चांगलं लुगडं नेसली. भावजयीने, तिलाही भरून आलं होतं, घरच्या चहासाठी साखरेची पुडी बांधून दिली. मेव्हण्याने आणि त्याने मिळून तिला सीटवर आडवं केलं, कडेने उशा लावल्या. सुट्टीचा दिवस नव्हता. हौशी लोकांची गर्दी नको म्हणून त्याने मुद्दाम आडवार धरला होता.

चिखल पार झाला. ओढा पार झाला. तो प्रत्येक गोट्याला थांबत होता, प्रत्येक वेळी आरशात बघत होता. “ठीक?” “ठीक.” कातळाच्या पायऱ्यांवर ती म्हणाली, “अहो, मला झोप येईल अशाने.” इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा हसली होती. चिमटा समोर आला. दोन दगडांच्या मधल्या फटीतून घराच्या छपराचा कोपरा दिसत होता. तिने मान वळवून तो बघितला आणि उशीवरची तिची बोटं हलायला लागली.

आणि फटीतून एक चकचकीत पिकअप बाहेर आला. त्याच्यामागे दुसरा. पुढच्याचा रंग दगडाला घासून निघाला, आणि आतले लोक आनंदाने ओरडले. टोपीवाल्याने आडवारी नवे मेंबर आणले होते. फोरबायची गाडी बघून तो उडी मारून खाली उतरला, खिडकीपाशी आला, आत वहिनी आहेत म्हटल्यावर टोपी काढली.

“नमस्कार वहिनी! बरं वाटतंय का आता? ऐकलं मी. अहो, तुम्ही तर मोठ्या माणसाच्या गाडीत बसलाय. तुम्हाला माहीत नसेल, हे कुठले सांगायला! हा चिमटा आज उभा आहे तो केवळ यांच्यामुळे. साहेब दगड उडवायच्या बेतात होते. मी होतो ना गाडीत. तुम्ही आहात त्याच सीटवर. काय चालवली गाडी यांनी! साहेबांच्या हातात भरलेला कप होता, चहाचा एक थेंब सांडला नाही. साहेब म्हणाले, तुमची अडचण काय? हे म्हणाले, गाडी जाते की, आमचं काही अडत नाही! वाचवला रस्ता. आमच्यातला प्रत्येक जण यांचं नाव घेतो बघा.”

फोरबायने इंजिन बंद केलं नव्हतं. त्याला वाटलं, आवाजात तिला नीट ऐकू गेलं नसेल. टोपीवाला आपल्या गाड्या बाजूला घ्यायला गेला.

मग ती म्हणाली, “त्या दिवशीही हौद्यात वाळू होती.”

“हो.”

“पोत्यांची तोंडं मी धरली होती.”

त्याने आता इंजिन बंद केलं.

“गाडी फिरवा.”

“अगं, आलं घर. एवढा चिमटाच राहिलाय. तू घरी चल, मग काय बोलायचं ते बोल. मार मला.”

“फिरवा.”

त्या घरात तिच्या कोंबड्या होत्या, तिचा ओटा होता, तिची चूल होती. पण त्या घरात तोही होता. एकदा आत गेली की पुन्हा खाली यायचं ते याच्याच हाताने, हे तिला त्याच्याआधी कळलं.

तिथे गाडी फिरवायला जागा नव्हती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दगड. तो पुढे-मागे, पुढे-मागे करत इंचाइंचाने वळवत होता, आणि टोपीवाल्याचे लोक उत्साहाने हातवारे करत होते. “घ्या, घ्या! अजून थोडी! बास!” काहींनी मोबाइल काढले. मागचं चाक कड्याच्या काठाला लागलं, तिथून अलगद परत आलं, आणि गाडीचं तोंड खाली झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक नवा मेंबर म्हणाला, “याला म्हणतात ड्रायव्हर!”

कातळ उतरला. ओढा उतरला. त्याने आरशात बघितलं नाही. चिखल उतरला, पूल आला, आणि चाकांखाली डांबराचा तो गुळगुळीत आवाज सुरू झाला. तेव्हा त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “कुठे धक्का लागला का गं?”

ती छताकडे बघत होती. साखरेची पुडी तिच्या पोटावर तशीच होती.

“नाही,” ती म्हणाली. “एकही नाही. तुमचा हात चांगलाच आहे.”